परीक्षकाची परीक्षा : अणुविद्युत्केंद्रांतील नळ्या आणि त्यांची तपासणी

शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका परीक्षक तपासतात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या परीक्षकांच्या वर नियामक नांवाचा आणखी एक अधिकारी असतो, ही गोष्ट पुष्कळ विद्यार्थ्यांच्या लक्षांत नसते. नियामक प्रत्येक उत्तरपत्रिका पुन्हा तपासीत नाहीं. तसें करणें शक्यहि नाहीं. तो कांहीं थोड्या उत्तरपत्रिका निवडून घेतो आणि परीक्षकानें गुण कसे दिले, कोठें घाई केली, कोठें पूर्ण न वाचतांच खूण केली, हें पाहतो. म्हणजे नियामक विद्यार्थ्याची परीक्षा घेत नसून परीक्षकाची परीक्षा घेत असतो. ह्या दोन कामांतील भेद लहानसा दिसतो. परंतु जेथें चूक झाली असतां केवळ गुण कमी होत नाहींत, तर हजारों माणसांस अपाय पोंचण्याचा संभव असतो, तेथें ह्या भेदास फार महत्त्व येतें. अणुशक्तीवर वीज निर्माण करणाऱ्या केंद्रांतील बाष्पजनित्रांची तपासणी हें असेंच एक ठिकाण होय. त्या तपासणीवर सरकारी नियामकानें देखरेख कशी ठेवावी, हा विषय प्रस्तुत लेखांत आम्ही आमच्या वाचकांपुढें मांडणार आहों.

पाण्याची वाफ करावी आणि त्या वाफेकडून काम करून घ्यावें, ही युक्ति जुनी आहे. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकराची शिटी ऐकली म्हणजे कोंडलेल्या वाफेच्या बळाची थोडी कल्पना येते. गिरण्या व आगबोटी यांच्या बॉयलरांत हें बळ कितीतरी अधिक असे, आणि बॉयलर फुटला म्हणजे भिंती कोसळून माणसें मरत. इ. स. १८६३ मध्यें कलकत्त्यास असा एक बॉयलर फुटला, आणि त्या अपघातानंतर १८६४ मध्यें बंगाल प्रांतांत बॉयलरांच्या तपासणीचा कायदा झाला. पुढें १९२३ मध्यें सर्व हिंदुस्थानाकरितां एकच कायदा करण्यांत आला. त्याची जागा आतां २०२५ च्या कायद्यानें घेतली आहे. धनी आपल्या यंत्राची काळजी घेईलच, एवढ्या विश्वासावर लोकांचे जीव सोंपवून चालत नाहीं; त्याच्यावर तिऱ्हाइताची नजर हवी, हें तत्त्व अशा रीतीनें आपल्या देशांत दीडशें वर्षांहून अधिक काळ मान्य झालेलें आहे.

अणुविद्युत्केंद्रांतहि शेवटीं वाफच चक्र फिरवते. भेद एवढाच कीं, चुलीच्या ठिकाणीं तेथें अणुभट्टी असते. जगांत सर्वांत अधिक प्रचारांत असलेल्या जातीच्या अणुभट्टींत युरेनियमच्या कांड्यांवरून जें पाणी वाहतें, तें वातावरणाच्या सुमारें दीडशेंपट दाबाखालीं ठेवलेलें असतें. त्यामुळें तें ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलें तरी उकळत नाहीं. हें पाणी किरणोत्सर्गी द्रव्यांच्या सहवासांतून आलेलें असतें, म्हणून त्यास बाहेर जाऊं देतां येत नाहीं. त्याची केवळ उष्णता घ्यावयाची असते. ह्यासाठीं तें पाणी एका उंच पोलादी भांड्यांत नेतात. ह्या भांड्यास इंग्रजींत स्टीम जनरेटर म्हणतात. आम्ही त्यास बाष्पजनित्र म्हणूं. मोठ्या बाष्पजनित्राची उंची सुमारें २० मीटर, म्हणजे पांच-सहा मजली इमारतीएवढी असते. त्याच्या आंत तीन हजारांपासून सोळा हजारांपर्यंत बारीक नळ्या उभ्या असतात. बहुतेक नळ्या उलट्या टांगलेल्या नालाप्रमाणें वर जाऊन, वाकून पुन्हा खालीं येतात. भट्टींतील पाणी ह्या नळ्यांच्या आंतून वाहतें. बाहेरून दुसरें स्वच्छ पाणी असतें. त्यावर दाब निम्म्याहून कमी असल्यामुळें तें उकळतें आणि त्याची वाफ चक्राकडे जाते. हीं दोन पाणीं एकमेकांस उष्णता देतात, पण एकमेकांत मिसळत नाहींत. त्यांनीं मिसळूं नये, हाच ह्या साऱ्या रचनेचा हेतु आहे.

आतां ह्या नळ्यांकडे थोडें बारकाईनें पाहूं. त्यांची जाडी बाहेरून मोजली तर सुमारें दोन सेंटिमीटर भरते. परंतु त्यांच्या धातूचा पत्रा अवघा एका मिलिमीटराहून किंचित् अधिक जाड असतो. पत्रा जाड केला तर नळी बळकट होईल, पण उष्णता बाहेर येण्यास अडथळा होईल. पातळ केला तर उष्णता सहज येईल, पण नळी दुबळी होईल. ह्या दोन गरजांच्या मधला मार्ग म्हणून एवढी जाडी ठरली आहे. भट्टींतील पाण्यास कोंडून ठेवणारा जेवढा धातूचा पृष्ठभाग आहे, त्यांतील निम्म्याहून अधिक भाग ह्या पातळ नळ्यांचाच असतो.

धोका कोठें आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. अणुभट्टीभोंवतीं जाड काँक्रीटची भक्कम इमारत बांधलेली असते. भट्टीचा एखादा मोठा नळ फुटला तरी त्यांतून सुटलेलें पाणी ह्या इमारतींतच कोंडलें जावें, अशी योजना असते. परंतु बाष्पजनित्राची नळी फुटली, तर आंतलें पाणी वाफेच्या बाजूस शिरतें. आणि वाफेचे नळ तर ह्या इमारतीच्या भिंतींतून बाहेर गेलेले असतात. त्यांवरील सुरक्षेच्या झडपा दाब वाढतांच आकाशाकडे उघडतात. घराच्या भिंती कितीहि जाड बांधल्या आणि दारास कितीहि कुलुपें लावलीं, तरी मोरीची वाट मोकळी राहिली तर त्या बंदोबस्ताचा काय उपयोग? नळीचा मिलिमीटरभर पत्रा ही ह्या घराची मोरी होय. एक नळी फुटली असतां केंद्रांतील कामगारांस ती आवरतां येते, आणि आजवर तशी ती आवरलीहि गेली आहे. परंतु अनेक नळ्या एकाच वेळीं फुटल्या आणि वाफेकडील झडपहि उघडी राहिली, तर प्रसंग बिकट होईल. म्हणूनच एकहि नळी फुटूं नये, अशी खबरदारी घ्यावी लागते.

नळ्या कशानें दुबळ्या होतात, ह्याचें उत्तर एक नाहीं. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांतल्या सरी केंद्रांत १९७६ मध्यें एक नळी वाकाच्या माथ्यावर फुटली. तेथें नळ्यांस आधार देणाऱ्या साध्या पोलादाच्या ताटांस गंज चढला होता. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें ताटांचीं भोंकें आवळलीं, नळ्या पिचल्या, आणि वाकाचे दोन्ही पाय एकमेकांकडे ओढले जाऊन माथ्यावर ताण आला. न्यूयॉर्क राज्यांतील गिना केंद्रांत १९८२ मध्यें नळी फुटली, तिचें कारण निराळेंच होतें : पूर्वीच्या कामाच्या वेळीं आंत राहिलेला धातूचा एक तुकडा पाण्याच्या लोटाबरोबर नळ्यांवर आदळत राहिला होता. व्हर्जिनियांतीलच नॉर्थ अ‍ॅना केंद्रांत १९८७ मध्यें सततच्या कंपानें धातु थकून नळी तुटली. जपानमधील मिहामा केंद्रांत १९९१ मध्यें कंप आवरण्यासाठीं असलेल्या पट्ट्या नकाशाबरहुकूम आंतपर्यंत बसविलेल्या नव्हत्या, म्हणून तशीच आपत्ति ओढवली. चार अपघातांत नळी फुटण्यास कारणीभूत झालेल्या गोष्टी अशा भिन्न होत्या. अर्थात् गेल्या वेळीं जो दोष सांपडला तोच शोधीत बसणारा तपासनीस पुढच्या दोषास मुकण्याचा संभव असतो.

इतक्या नळ्या तपासतात तरी कशा? आंत माणूस शिरूं शकत नाहीं. खालच्या पोकळींत किरणोत्सर्गामुळें फार वेळ थांबतांहि येत नाहीं. ह्यासाठीं विजेच्या एका जुन्या नियमाचा उपयोग करतात. मायकेल फॅरडे ह्यानें १८३१ मध्यें दाखवून दिलें कीं, चुंबकक्षेत्र बदललें म्हणजे तारेंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. लेआँ फूको ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५५ मध्यें असें दाखविलें कीं, धातूच्या सलग पत्र्यांतहि असे प्रवाह पाण्यांतील भोंवऱ्यांप्रमाणें फिरूं लागतात. तारेचें एक लहानसें वेटोळें नळींत शिरवून, त्यांतून उलटसुलट वाहणारी वीज सोडून तें ओढीत नेलें, तर नळीच्या पत्र्यांत असे भोंवरे उठतात. पत्रा निर्दोष असेल तर भोंवरे सरळ फिरतात. कोठें चीर किंवा झीज असेल तर त्यांस वळसा घ्यावा लागतो, आणि त्या वळशाची खबर वेटोळ्यास मिळून पडद्यावर एक आकृति उमटते. ती आकृति वाचणें हें तज्ज्ञाचें काम. प्रत्येक नळीची नोंद दोन तज्ज्ञ परस्परांस न विचारतां वाचतात, आणि त्यांच्यांत मतभेद झाल्यास तिसरा निवाडा करतो. ह्या तज्ज्ञांनाहि आधीं परीक्षा द्यावी लागते, हें ऐकून विद्यार्थ्यांस समाधान वाटेल!

परंतु ह्या विद्येंत एक मोठी अडचण आहे. नळीवर बसलेला क्षारांचा व धातूंचा थर, नळीचा वाक, आधाराच्या ताटांची जवळीक, ह्या सर्वांमुळें पडद्यावर इतर रेघाहि उमटतात. तज्ज्ञ त्यांस गोंगाट म्हणतात. भर बाजारांत कोणी हळू आवाजांत हांक मारली तर ती ऐकूं येत नाहीं. त्याचप्रमाणें बारीक चिरेची खूण गोंगाटांत बुडून जाते. अशा वेळीं तपासनीस प्रामाणिकपणें लिहितो, “दोष आढळला नाहीं.” तें वाक्य खरें असतें. परंतु “दोष आढळला नाहीं” आणि “दोष नाहीं” हीं दोन वाक्यें एक नव्हेत, आणि नियामकाचें खरें काम ह्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेंत सुरू होतें.

अमेरिकेंत ह्या कामासाठीं न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन म्हणजे अणुनियामक आयोग आहे. आरंभीं तेथें अणुशक्तीचा प्रसार करणें आणि तिच्यावर नियंत्रण ठेवणें, हीं दोन्ही कामें अ‍ॅटॉमिक एनर्जी कमिशन ह्या एकाच मंडळाकडे होतीं. माल विकणारा व वजनें तपासणारा एकच असावा, हें योग्य नव्हे असें ठरून १९७४ च्या कायद्यानें तें मंडळ मोडण्यांत आलें, आणि १९७५ च्या जानेवारींत स्वतंत्र नियामक आयोग कामास लागला. नळ्यांची तपासणी हा आयोग स्वतः करीत नाहीं. ती केंद्र चालविणारी कंपनी आपल्या खर्चानें, तज्ज्ञ ठेकेदारांकडून करविते. आयोग नियम घालून देतो, परवाना देतो, प्रत्येक केंद्रावर आपले निरीक्षक कायमचे ठेवतो, नळ्यांच्या तपासणीच्या वेळीं खास जाणकार पाठवितो, आणि कंपनीनें दिलेले अहवाल वाचतो. जुन्या नियमांप्रमाणें आरंभीं किमान शंभरांत तीन नळ्या तपासाव्या लागत, आणि दोष अधिक निघाल्यास संख्या वाढवावी लागे. ज्या नळीचा पत्रा जाडीच्या शेंकडा ४० किंवा अधिक झिजला असेल, ती नळी दोन्ही टोंकांस बूच मारून बंद करावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. ही व्यवस्था वाचावयास निर्दोष वाटते. तिची कसोटी कशी लागली तें आतां सांगतों.

न्यूयॉर्क शहराच्या हद्दीपासून उत्तरेस सुमारें ४० किलोमीटरांवर, हडसन नदीच्या कांठीं इंडियन पॉइंट नांवाचें अणुविद्युत्केंद्र होतें. त्याची दुसरी अणुभट्टी १९७४ पासून वीज देत होती. तिला चार बाष्पजनित्रें होतीं आणि प्रत्येकांत ३,२६० नळ्या होत्या. नळ्यांचा धातु जुन्या जातीचा, निकेलचा भाग अधिक असलेला मिश्रधातु होता. ताण आणि गरम पाणी हीं दोन्ही एकत्र आलीं म्हणजे ह्या धातूस बारीक चिरा पडतात, हें तोंवर चांगलें माहीत झालें होतें. इतर पुष्कळ केंद्रांनीं अशीं बाष्पजनित्रें काढून नवीं बसविलीं होतीं. ह्या केंद्रासाठींहि नवीं बाष्पजनित्रें घेऊन ठेवलेलीं होतीं. पण तीं अनेक वर्षें आवारांत तशींच पडून होतीं.

१९९७ मध्यें ह्या भट्टीच्या नळ्यांची तपासणी झाली. त्या वेळीं दुसऱ्या ओळींतील, म्हणजे फार आंखूड वाक असलेल्या एका नळीच्या माथ्यावर चीर सांपडली. ह्या केंद्रांत अशा जागीं चीर सांपडण्याची ती पहिलीच वेळ होती. ती नळी बूच मारून बंद करण्यांत आली. पण एका नळीच्या माथ्यावर चीर पडते, तर शेजारच्या तशाच नळ्यांचें काय? आधाराचीं ताटें वांकडीं होऊन वाकाचे पाय ओढले जात आहेत कीं काय? नोंदींत एवढा गोंगाट असतां आणखी चिरा आपल्या नजरेंतून सुटल्या नसतील कशावरून? ह्या प्रश्नांचा पुरेसा विचार कंपनीनें केला नाहीं, असें आयोगानें पुढें चौकशीअंतीं ठरविलें. पुढची तपासणी लांबणीवर टाकण्याची परवानगी कंपनीनें मागितली, आणि १९९९ मध्यें आयोगानें ती दिली.

१५ फेब्रुवारी २००० रोजीं संध्याकाळीं सातच्या सुमारास चौथ्या बाष्पजनित्रांतील दुसऱ्या ओळीची एक नळी फुटली. भट्टींतील पाणी मिनिटास सुमारें साडेपांचशें लिटर ह्या वेगानें वाफेच्या बाजूस जाऊं लागलें. कामगारांनीं भट्टी बंद केली, सदोष बाष्पजनित्र इतरांपासून तोडून वेगळें केलें आणि सावकाश सर्व यंत्रणा थंड केली. आणीबाणीची सूचना देण्यांत आली होती. ती दुसऱ्या दिवशीं मागें घेण्यांत आली. कोणासहि इजा झाली नाहीं, आणि केंद्राच्या बाहेर केलेल्या मोजमापांत नेहमीपेक्षां अधिक किरणोत्सर्ग आढळला नाहीं. ह्याबद्दल कामगारांच्या दक्षतेची प्रशंसाच केली पाहिजे.

परंतु खरी बोध घेण्याजोगी गोष्ट नंतर उघड झाली. १९९७ च्या जुन्या नोंदी जेव्हां पुन्हा काढून वाचण्यांत आल्या, तेव्हां फुटलेल्या नळीच्या चिरेची खूण त्या नोंदींतच असल्याचें दिसून आलें. ती गोंगाटांत दडलेली होती. तीन वर्षांपूर्वीं उत्तर पत्रिकेवर लिहिलेलें होतें. तें वाचण्यांत आलें नव्हतें. अधिक सूक्ष्म शोधक वापरून तपासतांच दुसऱ्या ओळींतील आणखी कांहीं नळ्यांतहि चिरा सांपडल्या.

ह्यांत दोष केवळ कंपनीचाच होता काय? अणुनियामक आयोगांत इन्स्पेक्टर जनरल नांवाचा एक अधिकारी असतो. आयोगाच्या स्वतःच्या कारभाराची चौकशी करणें हें त्याचें काम. म्हणजे नियामकावरचा नियामकच म्हणावयाचा. त्याच्या कचेरीनें ऑगस्ट २००० मध्यें अहवाल दिला. १९९७ च्या तपासणीचा वृत्तान्त आयोगाच्या हातीं आला होता, परंतु त्यांतील तांत्रिक भाग योग्य वेळीं जाणकाराच्या नजरेखालून गेला नाहीं, असा त्याचा आशय होता. आयोगानेंहि एक समिति नेमून आपल्या पद्धतींत काय उणें होतें, ह्याचा शोध घेतला. त्याच वर्षीं एप्रिलपासून आयोगानें केंद्रांच्या उणिवांस हिरवा, पांढरा, पिवळा व लाल अशा चार रंगांनीं प्रतवारी लावण्यास आरंभ केला होता. सर्वांत गंभीर अशी लाल खूण प्रथम मिळाली ती ह्या इंडियन पॉइंटच्या दुसऱ्या भट्टीस. पडून राहिलेलीं नवीं बाष्पजनित्रें त्याच वर्षीं बसविण्यांत आलीं. ती भट्टी पुढें २०२० मध्यें कायमची बंद झाली.

ह्या प्रसंगानंतर देखरेखीच्या पद्धतींत महत्त्वाचा बदल झाला. जुन्या नियमांत किती नळ्या तपासाव्या ह्यावर भर होता. नव्या नियमांत तपासणीनें काय सिद्ध झालें ह्यावर भर आहे. २००५ ते २००७ ह्या काळांत अमेरिकेंतील अशा जातीच्या सर्व केंद्रांच्या परवान्यांत हे नवे नियम घालण्यांत आले. त्यांप्रमाणें कंपनीनें प्रत्येक तपासणीनंतर दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं असतात. पहिला प्रश्न मागें पाहणारा : आज ज्या स्थितींत नळ्या सांपडल्या, त्या स्थितींत आजपर्यंत त्यांच्या अंगीं पुरेसें बळ होतें काय? पुरेसें म्हणजे नेहमीच्या कामांत नळीच्या आंतबाहेर दाबाचा जो फरक असतो, त्याच्या तिप्पट फरक सोसण्याइतकें. दुसरा प्रश्न पुढें पाहणारा : दिसलेले दोष आणि न दिसलेलेहि दोष हे दोन्ही वाढत जातील असें धरून, पुढच्या तपासणीपर्यंत हें बळ टिकेल काय? “न दिसलेले दोष” हे शब्द वाचकांनीं लक्षांत घ्यावे. आपल्या उपकरणास काय दिसूं शकत नाहीं, ह्याचा हिशेब मांडल्यावांचून कंपनीस आतां दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं. ह्याशिवाय भट्टी चालू असतांना एका बाष्पजनित्रांतून दिवसास सुमारें ५७० लिटरांहून अधिक गळती होऊं लागली तर भट्टी बंद करावी लागते, आणि तपासणीचा सविस्तर अहवाल १८० दिवसांच्या आंत आयोगाकडे पाठवावा लागतो.

नवी पद्धत आणि नवा धातु आल्यावर सर्व चिंता मिटली, असें मात्र कोणी समजूं नये. कॅलिफोर्नियांत पॅसिफिक महासागराच्या कांठीं सान ओनोफ्रे नांवाचें केंद्र होतें. तेथें २०१० व २०११ मध्यें नवीं बाष्पजनित्रें बसविलीं. प्रत्येकांत सुधारलेल्या मिश्रधातूच्या ९,७२७ नळ्या होत्या. ह्या धातूस चिरा पडण्याचें भय फार कमी. असें असतां तिसऱ्या भट्टींतील नवें बाष्पजनित्र एक वर्षहि पुरें न चालतां ३१ जानेवारी २०१२ रोजीं गळूं लागलें. गळती थोडी, दिवसास तीनशें लिटरांच्या आंतबाहेर होती. पण तपासणींत दिसलें कीं, वाफ आणि पाणी यांच्या लोटांत नळ्या थरथरून एकमेकींवर घांसत होत्या. निवडलेल्या १२९ नळ्यांवर दाबाची चाचणी घेतली, तेव्हां ८ नळ्या ती सोसूं शकल्या नाहींत. गंज नव्हे, चीर नव्हे, तर निराळ्याच कारणानें नळ्या दुबळ्या झाल्या होत्या. मार्च २०१२ मध्यें आयोगानें लेखी बजावलें कीं, कारण समजून उपाय होईपर्यंत आणि आयोगाची परवानगी मिळेपर्यंत भट्टी चालू करूं नये. कंपनीनें जून २०१३ मध्यें केंद्र कायमचें बंद करीत असल्याचें जाहीर केलें. येथें लोकांपुढें दुसरा एक प्रश्न उभा राहिला. जुन्या जागीं नवें यंत्र बसवितांना परवान्यांत दुरुस्तीची गरज नाहीं, असें कंपनीनें नियमांच्या आधारें ठरविलें होतें. त्या वेळीं आयोगानें अधिक खोल पाहावयास नको होतें काय? ह्यावर पुढें बराच वाद झाला.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, ह्या दूरदेशींच्या गोष्टी आम्हांस कशाला? परंतु भारतांतील पहिलें अणुविद्युत्केंद्र आपल्याच महाराष्ट्रांत, मुंबईच्या उत्तरेस समुद्रकांठीं तारापूर येथें उभें राहिलें. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्यें सुरू झाल्या. त्या निराळ्या जातीच्या असून त्यांत पाणी भट्टींतच उकळतें. तथापि त्यांस जोडून दुय्यम बाष्पजनित्रेंहि होतीं. त्यांच्या नळ्या गळूं लागल्यामुळें तीं बाजूस काढावीं लागलीं, आणि प्रत्येक भट्टीची शक्ति २१० मेगावॅटवरून १६० मेगावॅटवर आणावी लागली. तेथें पुढें २००५ व २००६ मध्यें सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या जड पाण्याच्या आहेत. त्यांत वाफ तयार होते ती बाष्पजनित्रांतच. आपल्या देशांत देखरेखीचें काम करणारें अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्यें स्थापन झालें असून त्याची कचेरी मुंबईंत आहे. तेव्हां दूरदेशीं फुटलेल्या त्या नळीची हकीकत आपल्या उपयोगाची नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं.

तर मग चांगल्या नियामकाचें लक्षण कोणतें? प्रत्येक नळी स्वतः तपासणें हें नव्हे, कारण तें त्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. अहवाल वेळेवर आला कीं नाहीं एवढेंच पाहून त्यावर शिक्का मारणें हेंहि नव्हे, कारण तें काम कोणीहि कारकून करूं शकेल. तपासनिसास योग्य प्रश्न विचारणें हें त्याचें काम होय. काय पाहिलें? कशानें पाहिलें? त्या साधनास काय दिसलें नसतें? नवीन तऱ्हेचा एक दोष सांपडला, तर तसे आणखी किती असूं शकतील? आणि हीं उत्तरें समजण्याइतकें ज्ञान विचारणाऱ्याच्या स्वतःच्या अंगीं असलें पाहिजे; नाहींतर प्रश्न नुसते सोपस्कार होतात. इंडियन पॉइंटच्या प्रकरणांत उपकरण होतें, नियम होते, अहवालहि होता. उणीव होती ती हा अहवाल जाणत्या माणसानें शंका घेऊन वाचण्याची.

आज हा प्रश्न पुन्हा नव्यानें उभा आहे. सुधारलेल्या धातूच्या नळ्या चांगल्या टिकतात असा अनुभव आल्यामुळें, अमेरिकेंत २०२१ पासून अशा नळ्यांच्या दोन तपासण्यांमधील अंतर पूर्ण शक्तीनें चाललेल्या ९६ महिन्यांपर्यंत, म्हणजे आठ वर्षांपर्यंत वाढविण्याची सवलत केंद्रांस मिळूं शकते. हें अविचाराचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वारंवार भांडें उघडण्यांतहि खर्च आहे, आणि काम करणाऱ्यांच्या अंगावर किरणोत्सर्ग येतोच. परंतु अंतर जेवढें अधिक, तेवढा शेवटचा अहवाल वाचणाऱ्यावरचा भार अधिक. १९९७ मध्यें न वाचलेली खूण तीन वर्षांनीं फुटली. आठ वर्षांसाठीं भरंवसा देणाऱ्यानें त्याच मानानें अधिक काळजीपूर्वक वाचलें पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें यंत्रशास्त्र शिकतील, कांहीं सरकारी अधिकारी होतील, आणि त्यांच्या टेबलावर असे अहवाल येतील. शेवटच्या पानावर बहुधा “दोष आढळला नाहीं” असेंच लिहिलेलें असेल. त्याखालीं सही करण्यापूर्वीं त्यांनीं मागचीं पानें उघडून, तें कशाच्या आधारें लिहिलें आहे, एवढें अवश्य विचारावें. आणि पालकांस आमची विनंती कीं, घरांत एखाद्या मुलानें “हें कशावरून?” असें विचारलें, तर त्यास उद्धट म्हणून गप्प न बसवितां उत्तर द्यावें. पुढें कोणत्या टेबलावर त्या मुलास हाच प्रश्न विचारावा लागेल, तें आज कोणास सांगतां येणार?